लाँगलीटचे कीपर

नमस्कार, श्रोतेहो.

प्राण्यांवरच्या बहुतेक मालिकांमध्ये माणूस औषधालाही नसतो. बीबीसीच्या ‘ॲनिमल पार्क’मध्ये मात्र सिंहाइतकाच वेळ सिंहाची खोली धुणाऱ्याला मिळतो. 2000 साली सुरू झालेली ही मालिका मला आवडते ती त्यामुळेच.

ठिकाण आहे इंग्लंडच्या विल्टशायरमधलं लाँगलीट. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला सरदारी वाडा, भोवती अफाट जमीन. वारसाकराचा बोजा पेलेना, तेव्हा मालकांनी 1949 मध्ये वाडा तिकीट लावून लोकांना खुला केला. पुढे 1966 मध्ये जिमी चिपरफील्ड यांच्या मदतीनं तिथं चक्क सिंह आणून सोडले. हे चिपरफील्ड नामांकित सर्कस घराण्यातले, हे लक्षात ठेवा. आफ्रिकेबाहेरचं, गाडीतून फिरून पाहायचं हे पहिलं सफारी पार्क. बोरिवलीच्या उद्यानात आपण जाळीच्या बसमधून सिंह बघतो. इथं लोक आपापल्या गाडीच्या काचा चढवून सिंहांच्या मधून जातात. माकडांच्या भागात गाडीचा वायपर शाबूत राहिला तर नशीब!

कीपरचं, म्हणजे प्राण्यांची निगा राखणाऱ्याचं, काम टीव्हीवर दिसतं त्याहून बरंच रटाळ असतं. शेण काढायचं, खाणं मोजायचं, कोण जेवला नाही ते टिपून ठेवायचं. आजारी जनावर दुखणं लपवतं, म्हणून चालीतला बारीकसा फरकही नजरेतून सुटून चालत नाही. शिवाय जनावराचा वेळही जायला हवा. म्हणून खाणं आयतं न देता लपवून ठेवतात, शोधायला लावतात. तिथला निको नावाचा म्हातारा गोरिला तळ्यातल्या बेटावर राहायचा आणि त्याच्या घरात टीव्ही होता. 2018 मध्ये तो गेला, तेव्हा पन्नाशी कधीच ओलांडली होती त्यानं.

पण मला खरी सांगायची आहे ती ॲनची गोष्ट. ही आशियाई हत्तीण, श्रीलंकेतून 1950च्या दशकात ब्रिटनमध्ये आणलेली. सगळं आयुष्य सर्कशीत गेलं. 2011 मध्ये तिला मारहाण होतानाचं लपून केलेलं चित्रीकरण बाहेर आलं, देशभर गदारोळ झाला आणि ॲन लाँगलीटला आली. मागच्या पायांत संधिवात, वय झालेलं. तिच्यासाठी नवं घर बांधलं, जमिनीवर वाळू टाकली, कारण दुखऱ्या सांध्यांना काँक्रीट सोसत नाही. सोबतीला शेळ्या दिल्या. सर्कसवाल्याच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या बागेत शेवटी सर्कशीतली हत्तीण आसऱ्याला आली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

हत्ती हा कळपातला प्राणी, मग हिला एकटीला का ठेवलंत, असा वादही झाला. मला दोन्ही बाजू पटतात. इतकी वर्षं माणसांत काढलेल्या, पाय दुखणाऱ्या म्हातारीला अनोळखी हत्तींच्या धक्काबुक्कीत ढकलायचं, हा धोका मी तरी पत्करला नसता. पण म्हणून शेळ्यांना कळप म्हणायलाही जीभ रेटत नाही.

मालिका पाहिलीत तर निवेदकांच्या उत्साहाकडे थोडा काणाडोळा करा, पार्श्वसंगीतही जरा जास्तच गोड आहे. कीपर बोलायला लागले की मात्र आवाज वाढवा.

नमस्कार.