आधी बादली, मग मशीन

(पुण्याच्या वेशीवरच्या एका नव्या गृहसंकुलात, चाव्या नुकत्याच हाती आलेल्या रहिवाशांसमोर एका घरगुती उपकरणांच्या मेकॅनिकनं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. सेक्रेटरी साहेबांनी ओळख करून देताना मला ‘तज्ज्ञ’ म्हटलं. तसं काही नाही, मी मेकॅनिक आहे. एकतीस वर्षं लोकांच्या घरातले फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन उघडून बघतोय. दुकानदाराला वस्तू नवी असताना दिसते, मला ती रुसल्यावर दिसते, एवढाच फरक. आणि खरं सांगू का, कितीतरी वेळा मी ज्या मशीनसाठी जातो त्या मशीनला काही झालेलंच नसतं. बिघाड घरात असतो, बोलावणं मशीनसाठी येतं.

दसरा तीन आठवड्यांवर आलाय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी याद्या करून ठेवल्या असतील. त्या याद्या आज खिशातच ठेवा. फ्रिज किती लिटरचा, मशीन किती किलोचं हे मी सांगणार नाही, ते दुकानातला पोरगा छान सांगतो. तो तुमचं घर बघायला येत नाही, म्हणून आपण घराबद्दल बोलू.

एक घर सांगतो. बारा मजली इमारत, सगळ्यात वरचा मजला. नवंकोरं फ्रंट लोड मशीन. धुणं मध्येच थांबायचं आणि पाण्याच्या नळाचं चिन्ह लुकलुकत राहायचं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेलेला. एकदा व्हॉल्व्ह बदलला, एकदा बोर्ड. मी मशीनला हातच लावला नाही. नळाचा पाइप सोडला, खाली दहा लिटरची बादली ठेवली आणि घड्याळ बघत बसलो. बादली भरायला पावणेचार मिनिटं लागली. त्या ताई म्हणाल्या, ‘अहो, पण टाकी तर आमच्या डोक्यावरच आहे!’ म्हटलं, ताई, तेच तर दुखणं आहे.

पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, बार म्हणजे दाबाचं माप. टाकीतलं पाणी तुमच्या नळापेक्षा तीनच मीटर वर असेल तर दाब ०.३ बार, आणि त्यातलाही थोडा मधल्या वळणांत, व्हॉल्व्हमध्ये जिरतो. त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तीन बारच्या वर दाब असतो. मशीनला किमान किती दाब लागतो ते पुस्तिकेत छापलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही, मीही सुरुवातीची काही वर्षं वाचलेलं नाही. तेव्हा वरच्या दोन मजल्यांवरच्या लोकांनी दुकानात जायच्या आधी बादली लावायची. सकाळी सातला, सगळी इमारत अंघोळीला लागलेली असताना. दुपारी तीनला लावून उपयोग नाही. माझा ठोकताळा असा की दहा लिटरला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले तर आधी प्रेशर पंपाचं बघा, मग मशीनचं. नाहीतर सेमी ऑटोमॅटिक घ्या. त्यात कमीपणा काही नाही, बादलीनं पाणी ओतलं तरी ते बिचारं धुतं.

दाबानंतर पाण्याची जात. पेठांमध्ये येतं ते खडकवासल्याचं पाणी, हलकं. आपल्याकडे महापालिकेची लाइन येईपर्यंत टँकर आणि बोअर. बोअरचं पाणी जड, हे तुम्हाला कळलंच असेल: साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं साचतं, डाळ शिजता शिजत नाही. हेच पांढरं गीझरच्या कॉइलवर बसतं. (मोबाइलवर आणून दाखवलेला फोटो सभागृहात फिरवला गेला.) बघा, ही कॉइल अंगठ्याएवढी जाड दिसतेय, पण मुळात ती करंगळीपेक्षा बारीक असते. वरचा सगळा क्षार. मग पाणी तापायला वेळ लागतो, लोक म्हणतात गीझर म्हातारा झाला. टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, ॲनोड रॉड. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजत जातो. जड पाणी असेल तर दर वर्षी तो उघडून बघायला सांगा. टाकीवर पाच-सात वर्षांची वॉरंटी आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि हा दांडा दुसऱ्याच वर्षी काडी होऊन बसलेला असतो.

आरओबद्दल, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या फिल्टरबद्दल, तर लोकांनी मनाशी ठरवूनच टाकलंय, नवं घर म्हणजे आरओ. थांबा जरा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजतात त्याला टीडीएस म्हणतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकारार्ह धरलंय. त्याच्या बऱ्याच खाली असलेल्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे गाळलेलं पीठ पुन्हा चाळणं, आणि वर एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणं. राष्ट्रीय हरित लवादानंही २०१९ मध्ये ५०० च्या खाली आरओ नको असं म्हटलं होतं. तिथे यूव्ही, म्हणजे किरणांनी जंतू मारणारा फिल्टर, पुरतो. पण आज टँकर, उद्या बोअर आणि वर्षभरानं पालिकेची लाइन अशी तुमची गत आहे. म्हणून मी म्हणेन, दोन-तीन महिने पाणी उकळून प्या, दर आठवड्याला टीडीएस मोजा आणि मग ठरवा. उकळण्यानं क्षार जात नाहीत, जंतू मरतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

आता वीज. बिल्डरनं स्वयंपाकघरात ओट्यावर किती पॉइंट दिलेत? चार? त्यातले मोठे, १६ अँपिअरचे किती? (‘एक,’ असा आवाज येतो.) एक. बरं. ६ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला जेमतेम १,४०० वॉटपर्यंत ओढता येतं. मिक्सर ७५० वॉटचा, चालेल. पण इंडक्शन २,००० वॉटची असते, मायक्रोवेव्ह-ओव्हन, एअर फ्रायर, डिशवॉशर हे सगळे मोठ्या पॉइंटचे गिऱ्हाईक. मग काय होतं? चार सॉकेटचं एक्स्टेंशन येतं. आणि एक दिवस मी येतो, तेव्हा पिन वितळून सॉकेटला चिकटलेली असते. ती पक्कडीनं ओढून काढताना जो वास येतो ना, तो एकदा घ्यायला हवा प्रत्येकानं. फर्निचरवाला यायच्या आधी वायरमन बोलवा. मोठा पॉइंट म्हणजे नुसता सॉकेट मोठा नव्हे, आत २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी, एसीला ४ ची. १.५ च्या वायरवर मोठा सॉकेट बसवून देणारे महाभाग मी पाहिलेत.

अर्थिंग तपासून घ्या. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, मग लोक पायाखाली पाट घेतात! पाट नको, अर्थिंग बघा. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारी कळ, आहे का ते बघा. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन पडली तर जिवंत आहे.

जागेचं लोक मोजतात, पण अर्धवट. फ्रिज कोपऱ्यात बसतो, दार मात्र भिंतीला आपटून पूर्ण उघडत नाही, मग आतला भाजीचा कप्पा बाहेर येत नाही. दार उघडं धरून मोजा. लिफ्टचं दार आणि स्वयंपाकघराची चौकटही मोजा. एका घरी दोन दारांचा मोठा फ्रिज तीन दिवस हॉलमध्ये, सोफ्याशेजारी उभा होता, पाहुण्यासारखा.

ताऱ्यांबद्दल विचारलंय कुणीतरी चिठ्ठीत. ‘पाच ताऱ्यांचंच घ्यायचं ना?’ वस्तूवर अवलंबून. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनं ही ताऱ्यांची लेबलं २००६ मध्ये सुरू केली. लोक तारे मोजतात, खालचा आकडा वाचत नाहीत. तिथे वर्षाला किती युनिट ते लिहिलेलं असतं. फ्रिज चोवीस तास, बाराही महिने चालतो, तिथे ताऱ्यांना पैसे मोजा. एसीच्या लेबलवरचा आकडा मात्र वर्षाला १,६०० तास धरून काढलेला असतो. पुण्यात तुम्ही एसी लावणार मार्चअखेर ते मे, रात्रीचे आठ तास. ७०-७५ रात्री धरा. ६०० तास होतात. मग पाच ताऱ्यांसाठी जास्तीचे आठ-दहा हजार मोजताना तो आकडा आधी अर्ध्याहून खाली आणा. वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो, किंवा कुणी घरून काम करत दिवसभर एसी लावतं, त्यांचा हिशोब वेगळा. तारे दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे लेबलवरची मुदतही बघा. जुन्या साठ्यातले पाच तारे आजचे चार असू शकतात.

पंख्याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. जुना पंखा ७५ वॉट, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला दर चढतो, त्यामुळे चार पंखे तुम्हाला खालच्या टप्प्यात ठेवू शकतात. म्हणजे पंखे पहिले घ्या, एसी शेवटी.

आणि ‘इन्व्हर्टर फ्रिज लाइट गेल्यावर चालतो का हो?’ हा प्रश्न मला आठवड्याला एकदा येतो. नाही चालत. बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा. इथे कॉम्प्रेसर धडधड चालू-बंद होण्याऐवजी हळू-जोरात चालतो, एवढंच.

दुकानातल्या गोष्टी पटकन सांगतो. ‘कॉम्प्रेसरवर दहा वर्षं वॉरंटी’ म्हणजे सहसा तेवढ्या भागावर. गॅस, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च यांचं आधी विचारा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात रोख भावातली सूट बऱ्याचदा गेलेली असते, वर प्रोसेसिंग फी. रोखीचा भाव वेगळा विचारा. एमआरपीत कर धरलेले असतात आणि त्याच्या खाली घासाघीस करायला पूर्ण मुभा आहे. पक्कं बिल घ्या. काही अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

मुहूर्ताला माझा विरोध नाही. पण दसऱ्याला घेतलेल्या वस्तू बसवणारी माणसं तेवढीच असतात. खोकं आठ-दहा दिवस तसंच पडतं आणि वॉरंटी बहुतेक ठिकाणी बिलाच्या तारखेपासून चालू होते. शिवाय घाईघाईत भाचा म्हणतो, मामा मी लावून देतो. अशाच एका भाच्यानं फ्रंट लोड लावलं. मागे ड्रम जखडून ठेवणारे चार बोल्ट असतात, वाहतुकीत हलू नये म्हणून. ते काढायचे राहिले. पहिल्याच स्पिनला मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. आजी समोर बसल्या होत्या, त्या रामरक्षा म्हणायला लागल्या. बोल्ट काढले की पिशवीत घालून जपून ठेवा, घर बदलताना परत लागतात.

बरं, चहा येतोय. मी टीडीएस मीटर आणलाय, पिशवीत एक लोहचुंबकही आहे. घरून आणलेली पातेली त्याला चिकटतात का बघा. चिकटली तर इंडक्शनवर चालतील. आणि अकराव्या-बाराव्या मजल्यावरच्यांनी चहानंतर माझ्याबरोबर गच्चीवर या. टाकीचा तळ तुमच्या नळापेक्षा किती वर आहे ते टेपनं मोजू. उजेड आहे तोवर जाऊ, वर अजून दिवा बसलेला नाही.