उत्तरेला पूर, आपल्याकडे उघडीप

श्रोतेहो, नमस्कार.

घरात मुलांचा नकाशासंग्रह असेल तर जवळ घेऊन बसा. जगाच्या नकाशावर ३० अंश उत्तर अक्षांशाची रेघ शोधा आणि तिच्यावरून आफ्रिकेपासून उजवीकडे बोट फिरवा. आधी सहारा लागेल, मग कैरो, अरबस्तान, इराणातली वाळवंटं. सगळा पिवळा रंग. कैरोत वर्षभरात जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे मिरगाची एक दमदार सर तेवढं पाणी देऊन जाते. बोट तसंच पुढे न्या. हिमालय आणि तिबेट मागे पडलं की रंग पालटतो. यांगत्से नदीचं खोरं हिरवंगार, आणि या रेघेपासून थोड्याच अंतरावरच्या शांघायला ११०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. अक्षांश जवळजवळ सारखाच, ऊनही तेच, मग एवढा फरक का? आणि त्याचा खानदेशातल्या कपाशीशी, केळीशी काय संबंध?

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांच्या दिशेनं सरकते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती तापत जाते, तिच्यात ढग धरत नाहीत. म्हणून या पट्ट्यात, म्हणजे उपोष्ण कटिबंधात, जगभर मोठमोठी वाळवंटं पसरलेली दिसतात. आशियाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र मान्सून आडवा येतो. उन्हाळ्यात एवढा मोठा भूखंड समुद्रापेक्षा लवकर तापतो. त्यात तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच, त्यामुळे वरच्या थरातली हवासुद्धा तापते. जमिनीवरचा दाब उतरतो आणि समुद्रावरचा दमट वारा आत ओढला जातो. हिवाळ्यात सगळं उलटं होतं, कोरडा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो.

यालाच उपोष्ण मान्सून हवामान म्हणतात. उन्हाळा उष्ण आणि ओला, हिवाळा सौम्य आणि बहुतेक कोरडा. कोपेन या शास्त्रज्ञानं आखलेल्या वर्गीकरणात सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान १८ अंशांच्या खाली जावं लागतं. लखनौ, पाटणा, डेहराडून यात बसतात, दक्षिण चीनही बसतो. चीनच्या मधल्या भागात आणि जपानात जून-जुलैमध्ये, आलुबुखार पिकण्याच्या दिवसांत, पावसाचा एक पट्टा आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो. तिथला हिवाळाही आपल्या उत्तर भारतापेक्षा कडक, कारण सायबेरियाचा गार वारा त्यांच्या अंगावर थेट येतो. आपल्याला हिमालयाची आडोशी भिंत आहे.

आता खानदेश. आपण साधारण २० ते २२ अंशांत येतो. कर्कवृत्त सातपुड्याच्या आणि नर्मदेच्याही पलीकडून जातं, म्हणजे काटेकोर बोलायचं तर आपण उपोष्ण पट्ट्याच्या बाहेर. जळगावचं डिसेंबरचं सरासरी तापमान २० च्या आसपास राहतं. पण या रेघा माणसाने आखलेल्या. उत्तरेचा गारठा त्या मानत नाही. मध्य प्रदेशातून थंडीची लाट उतरली की मे महिन्यात ४५ अंश सोसलेल्या याच जळगावचा पारा १० च्या खाली जातो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या केळीची, कोवळी रोपं वाढायची थांबतात, निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या बेतात, आलेल्या बागेत घड अडकतो. मग लोक रात्रीचं विहिरीचं पाणी देतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. पहाटे बांधावर ओलसर पालापाचोळा पेटवून धूर करतात, घडांवर पिशव्या चढवतात. आणि पुन्हा याच बागांना मे महिन्याच्या झळांपासून वाचवायला कडेनं शेवरी आणि गजराज गवत लावावं लागतं. एकाच पिकाला एकाच वर्षात दोन्ही टोकं सोसावी लागतात, म्हणून आपल्या केळी उत्पादकाचं कसब मला फार मोठं वाटतं.

पावसाचं पाहू. समुद्रावरून येणारं बरंचसं पाणी सह्याद्री आधीच उतरवून घेतो. नवापूर, अक्कलकुवा, धडगावला चांगला पाऊस, आणि शिंदखेडा, धुळे, अमळनेरकडे वळलं की हात आखडता. पण पाऊस किती पडला यापेक्षा मधे खंड किती दिवसांचा पडला, यावर आपला हंगाम ठरतो. हा खंड कुठून येतो ते समजून घेतलं पाहिजे.

पावसाळ्यात राजस्थानातल्या गंगानगरपासून प्रयागराजवरून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा तयार होतो. बातम्यांत त्याला मान्सूनचा आस म्हणतात. हा पट्टा जागचा हलतो. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला टेकला की बिहारात, नेपाळच्या तराईत नद्या फुगतात, डोंगरात दरडी कोसळतात, आणि नेमकी त्याच दिवसांत आपल्याकडे उघडीप. ऑगस्ट २०२३ आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. त्याच महिन्यात शिमल्यात दरडींखाली माणसं गाडली जात होती, आणि आपल्याकडे काळ्या रानाला भेगा पडत होत्या.

पट्टा दक्षिणेला आला की चित्र बदलतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असा प्रवास करत ते सातपुड्याकडे येतं. कधी आपल्याला भिजवतं, कधी वरच्या वर निघून जातं, पण तापीत पाणी मात्र येतंच. तापीचा उगम बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचा, आणि चांगदेवजवळ तिला पूर्णा मिळते, ती येते मेळघाट-अकोल्याकडून. तिकडे पाऊस झाला की जळगावात लख्ख ऊन असलं तरी हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडावे लागतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की हवामानाची बातमी फक्त ‘खानदेशात पाऊस आहे का’ एवढ्यापुरती ऐकू नका. हिमालयाच्या पायथ्याशी मुसळधार पावसाचा इशारा कानावर आला आणि उपसागरात नवं काही तयार होत नसेल, तर आपल्याकडे उघडीप पडणार असं समजा. कपाशी पात्या-फुलांवर, म्हणजे कळ्या-फुलांवर, असेल तर पातेगळ सुरू व्हायची वाट पाहत बसू नका, विहिरीत असेल ते पाणी ठिबकनं थोडं थोडं सोडा. कोरडवाहू रानात वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी माती, असतानाच कोळपून घ्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणतात ते खरं आहे. वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडत नाही.

आणि पट्टा खाली सरकल्याची, ओडिशाच्या किनाऱ्यावर कमी दाबाचं क्षेत्र आल्याची बातमी ऐकलीत, तर तीन-चार दिवस तुमच्या हातात असतात. युरिया टाकायची घाई करू नका, फवारणी पुढे ढकला, शेतातले चर मोकळे करा. तापीकाठचे असाल तर नदीतल्या मोटारी वर काढून ठेवा.

नमस्कार.