आपली गाडी आपण खोलायची, आपणच रंगवायची
(सोलापुरात तरुण मुलामुलींपुढं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी वडिलांची नाहीतर काकांची जुनी स्प्लेंडर असणार, बाहेर पार्किंगमध्ये एमएच १३ च्या रांगा बघूनच मी आत आलोय. ही गाडी बाजारात आली १९९४ ला, ९७.२ सीसीचं साधं इंजिन, आणि २०१० च्या शेवटी हिरो आणि होंडाचं वेगळं व्हायचं ठरलं तरी गाडी काही बंद पडली नाही, म्हणून तिचे पार्ट आजही कुठल्याही पेठेत मिळतात. पहिल्यांदा हात घालायचा तर यापेक्षा चांगली गाडी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं वेड मला कळतं, मलाही तो आवाज आवडतो, पण ती १९९६ ला बंद झाली, ओरिजिनल पार्ट शोधण्यात जीव जातो, शिकायला ती गाडी नको.

माझ्याकडं जी आहे ती आमच्या वडिलांची. ते पॉवरलूमवर जॉबर होते, माग बिघडला की पाना घेऊन खाली झोपणारा माणूस. ते गेल्यावर गाडी जिन्याखाली उभी राहिली, भंगारवाला दोनदा विचारून गेला, आईनं दिली नाही. तेव्हा ठरवलं की ही गॅरेजला टाकायची नाही, आपण करायची. आमच्या गल्लीतले मिस्त्री, माझ्यापेक्षा वयानं मोठे, त्यांना म्हटलं काका, मला शिकवा. ते म्हणाले शिकवतो, पण एक अट, मी सांगेपर्यंत रंगाचं नाव काढायचं नाही. आज जे सांगायला उभा आहे ते हेच आहे, रंग शेवटी.

सगळ्यांना घाई रंगाची असते. मॅट ब्लॅक मारू, गोल्डन पट्टा मारू. पण आतली गाडी तशीच ठेवून वरून रंग मारला की होतं काय, पेट्रोल कॉक गळत असतो तो नव्या टाकीवर पाझरतो, आतल्या कामासाठी टाकी परत उतरवावी लागते, पाना सटकतो आणि ताज्या रंगावर ओरखडा. आपण मागाच्या गावातली माणसं, ताणा वाकडा गेला की बाण्यानं तो सरळ होत नाही हे कुणी सांगायला नको.

तर आधी गाडी चालती करा. जुन्या गाडीचा पहिला दुखणाईत म्हणजे कार्बोरेटर. पेट्रोल महिनोन् महिने आत साचून राहिलं की त्याचा चिकट थर बसतो आणि सगळ्यात आधी बुजतो तो पायलट जेट, म्हणजे आयडलला, ॲक्सिलरेटर न पिळता गाडी उभी चालू असते तेव्हा, पेट्रोल सोडणारी छोटी पितळी नळी. हा जेट एकदा हातात घेऊन उजेडाकडं धरा. केसाएवढं भोक असतं, आरपार उजेड दिसला पाहिजे, नाही दिसला तर गाडी चोक ओढल्यावर चालणार आणि आयडलला मरणार, तुम्ही प्लग बदलत बसणार. त्यात तार किंवा सुई घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. क्लीनर मारायचा, भिजू द्यायचं, कॉम्प्रेसरची हवा मारायची, परत उजेडाला धरायचं. आणि एअर स्क्रू काढायच्या आधी तो हळूच आत फिरवत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवायचं, म्हणजे परत बसवताना अंदाज नको. काकांनी मला हे करायला लावलं तेव्हा शेजारी उभे राहून एक शब्द बोलले नाहीत, नुसतं बघत होते, आणि गाडी आयडलला शांत उभी राहिली तेव्हा म्हणाले, आता बरोबर.

अजून एक गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. या जपानी घराण्यातल्या गाड्यांचे प्लस स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरला नीट बसत नाहीत, त्यांची खाच वेगळ्या मापाची असते, जेआयएस म्हणतात, म्हणजे जपानी मानकाची. साधा ड्रायव्हर वर उचलला जातो आणि डोकं गोल होतं. जेआयएस ड्रायव्हर घ्या, आणि घट्ट बसलेल्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा एक ठोका द्या, सुटतो. तसंच स्पार्क प्लग, ऑइलचा ड्रेन बोल्ट, हे आधी बोटांनी फिरवायचे आणि आटे बरोबर लागले की मगच पाना. खाली ॲल्युमिनियम आहे, एकदा आटे गेले की सरळ टर्नरकडं जायचं.

प्लग काढलात की त्याचा रंग बघा. फिक्कट चॉकलेटी म्हणजे बरं चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलाय, आणि आपल्याकडची धूळ बघता आधी फिल्टरच बघावा, कागदी असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. ओलसर तेलकट प्लग म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, ते काम पहिल्या वेळी घरी करू नका. चेन बदलायची तर दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदला, मधोमध वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे, आणि दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात नाहीतर चाक तिरकं चालतं. ब्रेक शू स्वतः बदललेत तरी गाडी रस्त्यावर काढण्याआधी मिस्त्रींकडून तपासून घ्याच. रंग चुकला तर परत मारता येतो, ब्रेकचं तसं नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

आता टाकी. इथं थांबून ऐका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात आणि एक ठिणगी पुरते. पेट्रोल काढून, धुवून, झाकण उघडं ठेवून सावलीत मोकळ्या हवेला ठेवा, आणि तिच्यावर वेल्डिंग, गॅसची ज्योत, हीट गन काही नाही. टाकीला भोक असेल तर ते काम ज्याचं रोजचं आहे त्याच्याकडं द्या.

मग घासकाम. हे मला सगळ्यात आवडतं, खरं सांगतो. पूर्ण रंग पत्र्यापर्यंत काढायची गरज नसते, जुना रंग जिथं घट्ट आहे तिथं तो उत्तम बेस आहे. जिथं उडालाय तिथली कड मारायची, म्हणजे रंगाची पायरी घासून सपाट करायची. ३२० चा वॉटर पेपर लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला गुंडाळून, पाणी घेत, गोल नाही, तिरकं आडवं उभं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून बोटांची टोकं फिरवा, पत्र्यावरून प्रायमरवर, प्रायमरवरून जुन्या रंगावर, कुठं पायरी लागली की परत घासा. लागली नाही की झालं. बोटाला जी कड लागते ती रंगाखाली दहापट दिसते, काळ्या ग्लॉसमध्ये तर विचारूच नका. खोक असेल तिथं पुट्टी, आपले पेंटर तिला लांबी म्हणतात, पातळ थरात, जाड भरली की आतून वाळत नाही आणि सहा महिन्यांनी तडकते. मग प्रायमर, ६०० किंवा ८०० नं परत घास, मग रंग.

यात आपल्या गावाचे दोन-तीन प्रश्न आहेत. नळाला पाणी काही रोज येत नाही, म्हणून घासायचा दिवस पाण्याच्या दिवसाला धरून ठेवायचा, आणि बोअरचं पाणी वापरलं तर ते टाकीवर वाळू द्यायचं नाही, जड पाण्याचे पांढरे डाग राहतात आणि रंगातून वर येतात. दुसरं कपड्याचं. इथं गॅरेजमध्ये हात पुसायला मागावरचं सुताचं वेस्ट मिळतं, तेलाला एकदम भारी, पण रंगाच्या आधी टाकीवर ते फिरवू नका, नवा टॉवेलही नको, तंतू चिकटतात आणि प्रत्येक तंतू रंगात गाडला जातो. खूप वेळा धुतलेलं जुनं सुती धोतर सगळ्यात चांगलं. आणि सिलिकॉनवालं पॉलिश ज्या गाडीवर वर्षानुवर्षं मारलंय तिथं आधी वॅक्स रिमूव्हरनं नीट पुसा, नाहीतर रंग तिथून पळतो आणि गोल गोल खड्डे पडतात.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला असतो, तेव्हा रंग टाकीवर पोचायच्या आधीच अर्धा वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत लॅकरवर, म्हणजे थिनर उडून वाळणाऱ्या रंगावर, पांढरट धुकं येतं. दिवाळीनंतर ते जानेवारीतली गड्ड्याची यात्रा होईपर्यंतचा काळ धरा, सकाळी दहाच्या आत, गच्चीवर नाही, वारा येतो, एखाद्या शेडमध्ये खाली जमिनीवर पाणी मारून धूळ बसवायची. स्प्रे कॅन असेल तर आतली गोळी वाजायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात टाकीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, आधीचा पट्टा निम्मा झाकत पुढं जायचं. पहिला हात इतका पातळ की खालचं दिसलं पाहिजे. तिथं मन आवरत नाही, माहितीये, पण जाड मारला की ओघळ आलाच.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. साध्या कॅनच्या क्लिअरवर पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो, झाकणाभोवती पहिला खराब होतो. पेट्रोलला टिकतो तो टू-के, म्हणजे मारायच्या आधी हार्डनर मिसळायचा, त्यालाच पीयू म्हणतात. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फुप्फुसाला वाईट, त्यानं दमा लागू शकतो, तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही. म्हणून घासणं, प्रायमर, रंग सगळं घरी करा आणि शेवटचा क्लिअर बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या. फक्त आधी, रंग आणायच्या आधी, त्याला विचारा कशावर मारणार, कारण साध्या एनॅमलवर पीयू मारलं की खालचा रंग उचलतो, सुरकुत्या पडतात. साध्या कॅनच्या रंगालासुद्धा मोकळी हवा आणि कार्ट्रिजवाला मास्क पाहिजे, हेही सांगून ठेवतो.

कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय की रंग बदलला तर चालतो का. आरसीवर रंग लिहिलेला असतो, बदललात तर आरटीओला नोंद करून घ्या आणि इन्शुरन्सलाही कळवा. मी वडिलांचाच काळा ठेवला, लाल पट्ट्यासकट. आईला ती तशीच हवी होती.

वाळलेला दिसला म्हणून रंग पक्का झाला असं समजू नका, पहिला महिना पॉलिश नको, प्लास्टिकचं कव्हर नको, आणि टाकीवर मॅग्नेटवाली बॅग तर नकोच. बरं, आता बोलणं पुरे. टेबलावर दोन साइड पॅनल ठेवलेत, प्लास्टिकचे, त्यांना आधी प्लास्टिक प्रायमर लागतो, तोही आणलाय. वॉटर पेपर आहे, बादलीत पाणी आहे. एका पॅनलची कड मारून झालीय, दुसऱ्याची नाही. पुढच्या रांगेतल्या ताई, तुम्ही या आधी, डोळे मिटा आणि सांगा कुठला झालाय.