ऊन पुण्याचं, गल्ली सान हुआनची

नमस्कार श्रोतेहो. फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे फोनवरून जिलबी खाऊ घालण्यासारखंच आहे, पण प्रयत्न करतो.

आमच्या सोसायटीतले एक काका बँकेतून निवृत्त झाले आणि साठीनंतर कॅमेऱ्याच्या नादी लागले. मुलगी न्यू जर्सीत असते. या हिवाळ्यात तिच्याकडे गेल्यावर तिथून कॅरिबियनला जायचं त्यांनी ठरवलंय. परवा यादी घेऊन आले. दहा दिवस आणि सहा बेटं! म्हटलं, काका, यात तुम्हाला विमानतळांचेच फोटो मिळतील. नकाशावर बोटभर अंतरावर दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये जायलासुद्धा अनेकदा मायामी नाहीतर सान हुआनचा वळसा पडतो.

मग त्यांच्या यादीतले समुद्रकिनारे खोडले. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. पहिल्या दिवशी शंभर फोटो निघतात आणि घरी येऊन पाहिलं की सगळे एकमेकांची जुळी भावंडं. मी शोधतो ती वस्ती, जिथे खिडकीत कपडे वाळत असतात, आणि जिच्या भिंतीवर ऊन कधी येतं ते आधी कळतं.

काकांना सगळ्यात सोपं पडेल ते प्वेर्तो रिकोचं जुनं सान हुआन. हा भाग अमेरिकेच्याच अखत्यारीत असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसा पुरतो, आणि न्यू जर्सीहून विमानाने चारेक तास. गंमत म्हणजे सान हुआन आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठरा अंशांच्या आसपास. म्हणजे एकाच तारखेला सूर्य दोन्हीकडे सारख्याच उंचीवर चढतो. मी काकांना सांगितलं, तालीम कसबा पेठेत करा. अरुंद बोळात सकाळी किती वाजता ऊन उतरतं, समोरच्या भिंतीवरून आपटून सावलीतल्या दारावर कसं पडतं, ते आठवडाभर बघा. मे महिन्यात पुण्यात आपण शून्य सावलीचा दिवस बघतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, तो तिथेही असतो. त्या दिवसांत भरदुपारी फोटोच्या भानगडीत पडू नये, सरळ झोप काढावी.

तिथल्या रस्त्यांवर निळसर फरसबंदी आहे. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या या चौकोनी लाद्या पावसाची सर येऊन गेली की आणखी निळ्या होतात. त्यामुळे पाऊस आला म्हणून हॉटेलात पळू नका. उलट हॉटेलच्या एसीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते आणि पहिली पंधरा मिनिटं गेलीच. कॅमेरा बॅगेतच ठेवून आधी बाहेरच्या हवेला रुळू द्या.

पण माझं लाडकं गाव म्हणाल तर कुरासाव बेटाची राजधानी, विलेमस्टाड. खाडीसारखी पाण्याची एक चिंचोळी पट्टी शहराच्या मधून जाते. पूर्वेला पुंडा, पश्चिमेला ओत्रोबांडा. तिथल्या पापियामेंतू भाषेत ओत्रोबांडा म्हणजे पलीकडचा काठ, आपल्या शब्दांत पैलतीर. पुंडाच्या काठावर डच धाटणीच्या घरांची रांग आहे, पिवळी, गुलाबी, निळी, हिरवी. १८१७ साली गव्हर्नर किकर्ट यांनी घरांना पांढरा रंग द्यायला बंदी केली. पांढऱ्या भिंतींवरून परतणाऱ्या उन्हाने डोकं दुखतं, हे कारण. त्यांचा रंगाच्या दुकानात हिस्सा होता असंही सांगतात. खरं-खोटं काही असो, ती डोकेदुखी फोटोवाल्यांच्या पथ्यावर पडली.

या रांगेचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर सूर्य घरांच्या पाठीशी आणि रंग सगळे काळवंडलेले. क्रूझवरून उतरलेली मंडळी नेमकी सकाळी तिथे उभी असतात. तुम्ही सकाळी पुंडातून पाठ फिरवून ओत्रोबांडाच्या चढावरच्या बोळांत शिरा. खारा वारा रंग टिकू देत नाही, त्यामुळे एका डागडुजी केलेल्या वाड्याला लागून पोपडे निघालेला दुसरा असतो. चार वाजले की ओत्रोबांडाच्या काठावर येऊन बसा, समोरची सगळी रांग पेटते. मधे होड्यांवर तरंगणारा १८८८ सालचा क्वीन एमा पूल आहे. बोट आली की घंटा वाजते आणि अख्खा पूल दारासारखा बाजूला सरकतो. पूर्वी या पुलावर टोल होता, बूट घातलेल्यांना. अनवाणी माणसाला माफ. या पुलाच्या फोटोसाठी कॅमेऱ्याचं शटर थोडा जास्त वेळ उघडं ठेवा, पूल हलताना दिसेल.

सूर्य पश्चिमेला गेल्यावर उजळणारी गावं कॅरिबियनमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्याचं कारण वारा. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. शिडाच्या जहाजांना आडोसा हवा, म्हणून अनेक बेटांवर जुनी बंदरं पश्चिमेच्या बाजूला वसली. सकाळी डोंगराची सावली, संध्याकाळी सोनं. ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसला हेच दिसेल.

शेवटचं ठिकाण काकांनी स्वतःच सुचवलं, त्रिनिदादचं पोर्ट ऑफ स्पेन. १९७१ मध्ये गावसकरांनी तिथे पदार्पण केलं आणि वाडेकरांच्या संघाने कसोटी जिंकली, त्यामुळे त्या मैदानाचा फोटो हवाच. जरूर काढा. पण मग गाडी करून दक्षिणेला कारापिचाइमाकडे जा. १८४५ पासून उसाच्या मळ्यांसाठी नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे राहतात, बहुतेक भोजपुरी मुळाचे. अंगणात बांबूला रंगीत झंडी फडकत असतात. जवळच वॉटर्लूला समुद्रातलं मंदिर आहे. शिवदास साधू यांनी जमिनीवर बांधलेलं मंदिर साखर कंपनीने पाडायला लावलं, त्यांना तुरुंगात टाकलं. मग त्यांनी कुणाच्याच मालकीचा नसलेला समुद्र निवडला आणि सायकलवरून सामान वाहत वर्षानुवर्षं भर घातली. आजची वास्तू त्यांच्या पश्चात, नव्वदच्या दशकात उभी राहिली. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा, कारण ओहोटीला सभोवार नुसता चिखल असतो आणि तो मावळतीला तांब्यासारखा चमकतो. मंदिराशेजारीच किनाऱ्यावर स्मशान आहे. चितेचा धूर दिसला तर कॅमेरा बॅगेत ठेवायचा, आणि त्या दिवशी फक्त दर्शन घेऊन परत यायचं.

काकांची यादी आता तीन बेटांवर आली आहे. काकू म्हणतात, दोन.