गणवेशातले न्यायालय आणि साधे न्यायालय
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मित्रहो,

दहशतवादाच्या आरोपींवरचा खटला लष्करी आयोगापुढे, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या खास न्यायालयापुढे चालवावा की साध्या न्यायालयात, या अमेरिकेतल्या वादाविषयी मी बोलणार आहे.

१७ नोव्हेंबर २०१० रोजी न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या फेडरल (केंद्रीय) न्यायालयात ज्यूरीने अहमद घैलानी याला २८५ पैकी २८४ आरोपांतून निर्दोष ठरवले, तेव्हा ‘दहशतवाद्यांना साध्या कोर्टात नेले की असेच व्हायचे’ असा सूर अमेरिकेत उमटला. १९९८ मध्ये नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील अमेरिकी दूतावासांवरील ज्या बॉम्बहल्ल्यांचा त्याच्यावर आरोप होता, त्यांत २२४ माणसे मारली गेली होती. संताप समजण्यासारखा होता. मात्र उरलेल्या एकाच आरोपावर त्याला जन्मठेप झाली, हे तेवढ्या जोरात कोणी सांगितले नाही.

(साधे न्यायालय म्हणजे नागरी न्यायालय; दिवाणी न्यायालय नव्हे. खटला फौजदारीच असतो. फक्त न्यायाधीश लष्कराचा नसतो आणि ज्यूरीत सामान्य नागरिक बसतात.)

त्या खटल्यात सरकारच्या एका महत्त्वाच्या साक्षीदाराला न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी साक्ष देऊ दिली नाही, कारण अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएच्या कोठडीत घैलानीवर जबरदस्ती करूनच त्या साक्षीदाराचा पत्ता लागला होता. ही साक्ष लष्करी आयोगापुढे तरी टिकली असती का, याविषयीही कॅप्लन यांनी शंका नोंदवली. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म इथेच आहे: पुरावा नासलेला असेल, तर न्यायालय बदलून तो शुद्ध होत नाही.

लष्करी आयोगाच्या समर्थकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. रणांगणावर पंचनामा होत नाही, हेरांची नावे उघड करता येत नाहीत, आणि १९४२ मध्ये आठ जर्मन घातपात्यांवर लष्करी आयोगापुढे चाललेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता. त्याच आधारावर १३ नोव्हेंबर २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आयोगांचा आदेश काढला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आयोग बेकायदा ठरवले. मग काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आयोगांसाठी कायदा केला आणि २००९ मध्ये तो सुधारला. झटपट न्यायासाठी काढलेल्या वाटेवर आधी वाटच बांधत बसावे लागले.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचा सूत्रधार म्हणून आरोपी असलेल्या खालिद शेख मोहम्मदचे प्रकरण पाहा. २००९ मध्ये ॲटर्नी जनरल (अमेरिकेचे कायदामंत्री) एरिक होल्डर यांनी त्याचा खटला न्यूयॉर्कमध्ये साध्या न्यायालयात चालवण्याचे जाहीर केले. विरोध इतका झाला की २०११ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. खटला लष्करी आयोगाकडे गेला. क्युबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावर ५ मे २०१२ रोजी नुसत्या आरोपनिश्चितीच्या सुनावणीलाच सुमारे १३ तास लागले. तिथे प्रेक्षक काचेपलीकडे बसतात आणि आतले बोलणे त्यांना ४० सेकंदांनी ऐकू येते, म्हणजे गुप्त काही निघालेच तर आवाज तोडता यावा. जानेवारी २०१३ मध्ये तो अचानक तुटला आणि तो कोणी तोडला हे खुद्द पीठासीन न्यायाधीशांनाच ठाऊक नव्हते! स्वतःच्या दालनाचे बटण ज्याच्या हाती नाही, त्याला न्यायाधीश कसे म्हणावे, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

या आरोपीवर सीआयएने १८३ वेळा वॉटरबोर्डिंग (तोंडावर कापड टाकून पाणी ओतत बुडण्याची यातना देणे) केले होते. त्याचा कोणता जबाब ग्राह्य धरायचा यावरच वर्षे गेली. शेवटी २०२४ मध्ये गुन्हा कबूल करून फाशी टाळण्याचा करार झाला, संरक्षणमंत्र्यांनी तो दोनच दिवसांत मागे घेतला, आणि जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयाने मंत्र्यांची बाजू उचलून धरली. याउलट १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर बॉम्बस्फोटाचा सूत्रधार रामझी युसुफ फेब्रुवारी १९९५ मध्ये पकडला गेला आणि जानेवारी १९९८ मध्ये मॅनहॅटनच्या साध्या कोर्टाने त्याला शिक्षाही सुनावली. गुप्त कागदपत्रे हाताळण्यासाठी फेडरल न्यायालयांकडे १९८० पासून स्वतंत्र कायदा आहेच.

साधे न्यायालय आपल्याला नेहमी सुखावते असे नाही. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने शिकागोत गुन्हा कबूल केला, त्या बदल्यात फाशी आणि भारताकडे प्रत्यार्पण दोन्ही टळले, आणि २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. ती मलाही अपुरी वाटली. पण त्याच करारामुळे त्याचे तोंड उघडले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने व्हिडिओ जोडणीवरून त्याची साक्ष दिवसचे दिवस नोंदवून घेतली.