ओपीडी सांभाळून पीएचडी

(दृश्य : सरकारी रुग्णालय. मानसोपचार विभागाची ओपीडी. सकाळ.)

केसपेपरच्या खिडकीपुढची रांग जिन्यापर्यंत आली आहे. आत टेबलामागे बसलेली डॉक्टर नुकतीच एमडी झालेली. आता सीनियर रेसिडेंट, म्हणजे एमडीनंतर रुग्णालयातच नोकरी करणारी. समोर एक आई आणि तिचा विशीतला मुलगा. आईनं पिशवीतून गोळ्यांच्या स्ट्रिप काढून टेबलावर मांडल्यात. त्यातल्या दोन अर्ध्याच संपलेल्या.

"मावशी, गोळ्या मध्येच का थांबवल्या?"

आई मुलाकडे बघते. मुलगा खाली बघत म्हणतो, "झोप येते हो मॅडम. नाइट शिफ्टला उभं राहवत नाही."

डॉक्टर गोळीची वेळ बदलते, मात्रा थोडी कमी करते, पुढची तारीख देते. पुढचा पेशंट आत येतो. या मुलाचा प्रश्न मात्र तिच्या डोक्यातून जात नाही. शिफ्टमध्ये राबणारी अशी किती मुलं औषध सोडत असतील? कामाच्या वेळेशी जुळवून दिलं, तर टिकतील का? शोधायचं तर काही शे पेशंट वर्ष-दोन वर्षं धरून ठेवावे लागतील, त्यांच्या घरी जावं लागेल. विषय पीएचडीचा आहे. डॉक्टरची ओपीडी दोनला संपेल, मग वॉर्ड, आणि आज रात्री कॉल ड्युटी.

(दृश्य : विभागाचं ग्रंथालय. कपाटात एका रंगाच्या बाइंडिंगच्या थिसिस.)

एमडीला थिसिस असतोच की, असं कोणी म्हणेल. असतो. पहिल्या वर्षी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग त्याला परवानगी देणारी एथिक्स कमिटी, मग ड्युटीतून जमतील तसे पेशंट, आणि शेवटी बाइंडिंगवाल्याकडे धावाधाव. आकडेमोड बरेचदा बाहेरून करून घेतलेली. यात रेसिडेंटला दोष देण्यात अर्थ नाही. तीन वर्षांत त्याला आधी पेशंट तपासायला शिकायचं असतं, आणि ते शिकतोही. प्रश्न नीट मांडायला, नमुना किती मोठा हवा ते ठरवायला, आपलंच म्हणणं खोटं ठरवून बघायला तो शिकतोच असं नाही. पीएचडी त्यासाठी.

(दृश्य : भारताचा नकाशा. बारा राज्यं रंगवलेली.)

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. हे आकडे आपल्याकडच्या प्रत्येक भाषणात येतात. नकाशा मात्र जरा थांबून बघा. निवडलेल्या बारा राज्यांत गुजरात आहे, मध्य प्रदेश आहे, छत्तीसगड आहे. महाराष्ट्र नाही, गोवाही नाही.

इथले प्रश्न इथल्याच कोणीतरी विचारायचे आहेत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. हरारे, झिम्बाब्वे.)

डॉ. विक्रम पटेल मुंबईचे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे इंग्लंडमध्ये मानसोपचाराचं प्रशिक्षण घेतलं. १९९०च्या दशकात तरुण वयात ते संशोधनासाठी हरारेला गेले. नैराश्य हा पाश्चात्त्यांचा आजार, आफ्रिकेत त्याला फारसा अर्थ नाही, अशी काहीशी समजूत घेऊन. मग ते तिथल्या पारंपरिक वैदूंशी बोलले, दवाखान्यांतल्या पेशंटशी बोलले, आणि ती समजूत टिकली नाही. डॉक्टरेट त्याच कामावर झाली. मला यातली महत्त्वाची गोष्ट पदवीपेक्षा वेगळी वाटते. एका तरुण डॉक्टरला आपलं मत बदलेपर्यंत एका जागी बसायला पगारासकट वेळ मिळाला.

पुढे ते गोव्यात आले. १९९६ मध्ये तिथे 'संगत' ही संस्था उभी राहिली.

(दृश्य : गोव्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र. बाकावर बसलेल्या बायका.)

आता रोखठोक आक्षेप. देशात एक लाख लोकांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञही नाही. त्यातल्याच एकाला ओपीडीतून उठवून संशोधनाला बसवायचं? रांगेतल्यांनी काय करायचं?

गोव्यातल्या 'संगत'च्या 'मानस' चाचणीकडे बघू. २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. नैराश्य-चिंतेची लक्षणं असलेले पेशंट २,७९६. त्यांच्याशी बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत, निदान पक्कं झालेल्यांपैकी ६५.९ टक्के लोक सहा महिन्यांनी बरे झालेले होते. नेहमीच्या उपचारांवर हेच प्रमाण ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे छापलं गेलं.

विदर्भातही असं घडलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या जिथून येतात, तो हा भाग. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतरच्या पाहणीत २७.२ टक्के. २०१७ च्या या शोधनिबंधाचे पहिले लेखक डॉ. राहुल शिधये, मानसोपचारतज्ज्ञ.

एका टेबलावरून इतके पेशंट कुठल्याच डॉक्टरच्या हातून तपासून झाले नसते.

(दृश्य : वसतिगृहाची खोली. टेबलावर लॅपटॉप, डब्यातलं अर्धं जेवण.)

मग तरुण डॉक्टर याकडे का वळत नाहीत? घरच्यांना विचारा. एमबीबीएस, इंटर्नशिप, प्रवेश परीक्षेची तयारी, एमडी, सरकारी सेवेचा बॉण्ड. तिशी इथेच येते. बरोबरीच्यांचे दवाखाने सुरू झालेले असतात. पीएचडीचा विद्यार्थी म्हणून मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, म्हणजे सीनियर रेसिडेंटच्या पगारापेक्षा कमी. मुदत यूजीसीच्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. आणि एवढं करून वैद्यकीय महाविद्यालयात असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमडी असलेल्याला पीएचडी लागतच नाही! "कशाला जीव घालवतोस," असं घरून ऐकायला मिळालं, तर त्यात चूक काय?

ब्रिटननं यावर उपाय केला तो वेळापत्रकातच. तिथे अकॅडेमिक क्लिनिकल फेलो या जागेवरच्या तरुण डॉक्टरला तीन वर्षं, कामाच्या वेळेतला पाव हिस्सा संशोधनासाठी राखून मिळतो. पगार पूर्ण. त्या मोकळ्या वेळात त्यानं पीएचडीच्या फेलोशिपचा अर्ज तयार करावा, ही अपेक्षा. आपल्याकडे २००८ मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी मिळून संशोधनाला पैसे देणारी इंडिया अलायन्स सुरू केली, डॉक्टरांसाठी वेगळ्या फेलोशिप ठेवल्या. चांगली गोष्ट. पण तो अर्ज लिहायलाच सहा महिने शांतपणे बसावं लागतं, आणि आपली गाडी अडते ती तिथेच.

(दृश्य : एथिक्स कमिटीची बैठक. फायली.)

शिवाय हा विषय हाडाच्या फ्रॅक्चरसारखा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम ९९ सांगतं, की मानसिक आजार असलेल्या माणसावर संशोधन करायचं तर, नुसती मुलाखत घ्यायची असली तरी, त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी. तो संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी. हे योग्यच आहे. पण संमतीपत्र समजावून सांगायला एकेका पेशंटमागे वेळ लागतो, कधी दोनदा, तीनदा बसावं लागतं. रात्रीच्या कॉलनंतर डोळे चोळत हे काम करू नये.

(दृश्य : विभागप्रमुखांची खोली. भिंतीवर महिन्याचा ड्युटी रोस्टर.)

तेव्हा मागणी मोठी नाही. आठवड्यातला एक पूर्ण दिवस रोस्टरमध्ये लिहून द्यावा, आणि कोणी रजेवर गेलं म्हणून तो परत घेऊ नये. महाविद्यालयात एक संख्याशास्त्रज्ञ असावा, ज्याच्याकडे सिनॉप्सिस लिहितानाच जाता येईल. सगळा डेटा गोळा झाल्यावर गेलं, तर तोही हात वर करतो. गाइड असा असावा, ज्यानं स्वतः कधीतरी पेशंट वर्षानुवर्षं धरून ठेवले आहेत. आपल्या कॉलेजात तसा कोणी नसेल, तर निम्हान्समधला किंवा संगतमधला सहमार्गदर्शक घ्यायला कोणाची ना नसावी.

आणि त्या एका दिवसाची ओपीडी? तिथे दुसरा सीनियर रेसिडेंट बसवावा लागेल. चार-पाच जण पीएचडी करणारे असतील, तर एक जागा वाढवावी लागेल. खर्च आहे तो एवढा : एका रेसिडेंटचा पगार.