तलावांच्या गावात तरणतलाव बांधताना

ठाणेकरांसमोर पाण्यावर बोलायचं म्हणजे वाण्याला तराजू धरायला शिकवणं. तलावपाळीच्या कट्ट्यावर अर्धं आयुष्य गेलेली मंडळी समोर बसली आहेत. म्हणून आधी 'थीम' या शब्दाबद्दल बोलतो. सार्वजनिक तरणतलावाला थीम हवी म्हटलं की बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत डॉल्फिन येतो. फायबरचा, निळा, हसरा. आपल्या खाडीवर रोहित पक्षी उतरतात, तिवरं आहेत, चेंदणीला कोळीवाडा आहे. तरी येतो तो डॉल्फिनच.

काही वर्षांपूर्वी एक तलाव पाहायला गेलो होतो. कुठला, ते सोडा. उथळ भागात सिमेंटचा खडक, त्यावरून धबधबा. दिसायला झकास. मी जीवरक्षकाच्या खुर्चीत चढून बसलो, तर खडकामागचं पाणी दिसेना, आणि पोरं नेमकी तिथेच जमलेली. तळाला गडद निळ्या टाइल्स, समुद्रासारखं वाटावं म्हणून. अशा तळावर बुडालेलं मूल वरून सावलीसारखं दिसतं. तळ फिकटच हवा, यावर मी वाद घालत नाही. खुर्चीही सकाळी पूर्वेच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या हवी. ऊन पाठीशी नसेल तर पाण्याच्या चमकीपलीकडे काही दिसत नाही.

मग थीम आणायची कुठून? काठावरून. तलावपाळीला माणसं काठावर बसायला जातात. आपल्या तरणतलावांना काठच नसतो: बॅच, शिट्टी, पाऊण तास, बाहेर. नातवाला सोडायला आलेले आजोबा गेटबाहेर स्कूटरवर बसून राहतात. त्यांच्यासाठी घाटासारख्या पायऱ्या करा, सावलीत, पाण्याकडे तोंड करून. पण त्या पाण्यात नेऊ नका. पाण्याखाली पायरीची कड कळत नाही. न्यायच्याच असतील तर प्रत्येक कडेला वेगळ्या रंगाची पट्टी द्या. त्यापेक्षा चौपाटीसारखा उतार बरा, कोरड्यापासून हळूहळू खोल जाणारा. गुडघे धरलेल्या आजीही कठड्याला हात लावून उतरतात.

आता पंपघर. २५ मीटर लांब, १२.५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल धरा: पावणेचार लाख लिटर पाणी. ते चार तासांत एकदा गाळणीतून फिरवायचं तर ताशी सुमारे ९४ हजार लिटर. बाळांच्या टाकीचं पाणी तासाभरात फिरलं पाहिजे, आणि तिची गाळणी वेगळी. कारण सांगायला नको. (हशा) तलावावर तो उग्र वास येतो ना, तो बहुतेकदा जास्त क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीशी क्लोरीनची गाठ पडून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा असतो. म्हणून शॉवर वाटेतच हवा, चुकवता न येणारा. कोपऱ्यातल्या शॉवरखाली कोणी जात नाही, मीही नाही.

पडद्यावरचा नकाशा बघा. दोन लाल टिंबं म्हणजे खुर्च्या, सकाळची आणि संध्याकाळची. कागदावर पहिल्यांदा त्याच मांडल्या. घाट, उतार, शॉवर मागून आले. आणि डॉल्फिन इथे आहे, तिकीटखिडकीच्या भिंतीवर. रंगवलेला.